फुंकरीतला नायट्रिक ऑक्साइड आणि आईवडिलांचा वाटा

फुप्फुसांच्या तपासणीच्या खोलीबाहेर थोडा वेळ बसले की आतून तंत्रज्ञाचा आवाज ऐकू येतो : "जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका!" ती स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासावरून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी असते. पण त्याच खोलीत हल्ली आणखी एक छोटे यंत्र असते आणि त्याच्यापुढे बसवलेल्या माणसाला तोच तंत्रज्ञ अगदी उलट सांगतो : "हळू, एकसारखी, गरम चहावर घालता तशी फुंकर घाला." आधी छाती रिकामी करायची, मग नळीला ओठ घट्ट लावून यंत्राने गाळून दिलेली हवा खोलवर आत घ्यायची आणि ती दहा सेकंद एकाच वेगाने सोडत राहायची. पडद्यावरचे चिन्ह ठरलेल्या पट्ट्यात राहिले तरच फुंकर मोजली जाते. ते वर गेले किंवा खाली आले की पुन्हा पहिल्यापासून. ठरलेला वेग सेकंदाला ५० मिलिलिटर असतो, म्हणजे दहा सेकंदांत जेमतेम अर्धा लिटर हवा बाहेर येते. मिनिट-दोन मिनिटांत पडद्यावर एक आकडा उमटतो आणि त्यापुढे ‘पीपीबी’ अशी अक्षरे असतात.

माझ्या एका मावसभावाच्या कागदावर हा आकडा ४१ आला होता. त्याला दमा नाही, ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी कोरी आली होती, तो सिगारेट ओढत नाही आणि आठवड्यातून चार दिवस पळायला जातो. त्याच्याबरोबर तपासणीला गेलेल्या कार्यालयातल्या मित्राचा आकडा १५ होता. "म्हणजे माझ्या छातीत त्याच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट काहीतरी बिघडलेले आहे का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग फुप्फुसांच्या बिघाडात नसून वारशात आहे. तो वारसा नेमका कसा काम करतो हे या लेखात पाहायचे आहे. मात्र त्यासाठी आधी तो आकडा कशाचा आहे हे समजून घ्यावे लागेल.

तो आकडा सोडलेल्या श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचा असतो. नायट्रिक ऑक्साइड हा नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला साधा वायू आहे. दातांच्या दवाखान्यात भूल देण्यासाठी वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वेगळा. नावे जवळची असल्याने शिकलेली माणसेही या दोघांत गल्लत करतात. नायट्रिक ऑक्साइड वाहनांच्या धुरात असतो, विजा कडाडतात तेव्हा आकाशात तयार होतो आणि बराच काळ शास्त्रज्ञ त्याच्याकडे केवळ एक प्रदूषक म्हणून पाहत होते. आपले शरीर हाच वायू मुद्दाम तयार करते, तो रक्तवाहिन्यांना सैल व्हायला सांगतो, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले आणि त्यासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद यांना १९९८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची जी गोळी असते, तिचे काम शेवटी हाच वायू मोकळा करण्याचे असते. खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना म्हातारपणी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन सुचवले होते. ज्या पदार्थापासून सुरुंगाची दारू करून ते श्रीमंत झाले तोच औषध म्हणून समोर आल्याचे त्यांना स्वतःलाही नवल वाटले होते.

श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत हा वायू असतो, हे १९९१ साली स्टॉकहोममध्ये लार्स गुस्तावसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ससे, गिनीपिग आणि माणसे यांच्यावरील मोजमापांतून दाखवले. त्यानंतर दोनच वर्षांत दम्याच्या रुग्णांच्या श्वासात त्याचे प्रमाण वाढलेले असते असे आढळले आणि एका कुतूहलाच्या विषयाची बघता बघता तपासणी झाली. प्रमाण अतिशय सूक्ष्म असते. पीपीबी म्हणजे एक अब्ज भागांत किती भाग. ४१ पीपीबी म्हणजे सोडलेल्या हवेच्या एक अब्ज रेणूंमागे नायट्रिक ऑक्साइडचे ४१ रेणू. एवढे थोडे मोजण्यासाठी जुनी मोठी यंत्रे नमुन्यात ओझोन मिसळत आणि दोन्ही वायूंच्या संयोगातून निघणारा क्षीण प्रकाश टिपत. आजच्या हातात मावणाऱ्या यंत्रांत रासायनिक विद्युत संवेदक असतो.

फुंकर संथच का हवी, यातच पुढच्या सगळ्या विषयाची किल्ली आहे. फुप्फुसांच्या अगदी टोकाला असलेल्या वायुकोशांत हा वायू टिकत नाही, कारण पलीकडे वाहणाऱ्या रक्तातले हिमोग्लोबिन त्याला झपाट्याने पकडून घेते. आपल्याला जो मोजायचा असतो तो मुख्यतः श्वासनलिकांच्या भिंतींतून झिरपून येतो. पावसाळ्यात ओल आलेल्या दोन भिंतींमधल्या बोळातून वारा रेंगाळत गेला तर तो भिंतींचा ओलावा अधिक उचलतो, भन्नाट गेला तर कमी. तसेच येथे होते. वेग दुप्पट झाला तर आकडा खाली येतो, म्हणून जगभर सेकंदाला ५० मिलिलिटर हा एकच वेग पक्का केला गेला. शिवाय फुंकर किंचित अडथळ्याविरुद्ध घालावी लागते, त्यामुळे टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. नाकाभोवतीच्या पोकळ्यांमध्ये या वायूचे प्रमाण श्वासनलिकांच्या मानाने कितीतरी जास्त असते, आणि तो मिसळला तर छातीचा हिशेब बिघडतो. थोडक्यात, कागदावरचा आकडा श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशी हा वायू किती बनवतात याचे माप आहे, आणि पेशींनी काय किती बनवावे हे ठरवण्यात जनुकांचा हात असणारच.

तीन विकरे आणि एक कच्चा माल

शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने (एन्झाइम), तीन आहेत आणि तिन्ही एकाच घराण्यातली आहेत. ‘एनओएस’ हे त्यांचे सामाईक आडनाव. पहिले प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या पेशींत असते आणि त्याचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. तिसरे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात असते आणि त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. मधले, म्हणजे ‘एनओएस-२’, सतराव्या गुणसूत्रावर आहे आणि आपल्या कथेत मुख्य तेच आहे. हे विकर एरवी झोपलेले असते आणि संसर्ग किंवा दाह झाला की जागे होते, अशी आधी समजूत होती. इतर अवयवांपुरती ती बरीचशी खरीही आहे. पण १९९५ साली असे दिसले की निरोगी माणसाच्या श्वासनलिकेच्या अस्तरात हे विकर सतत, काही आजार नसतानाही, तयार होत असते. नाकातोंडातून येणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, जंतू आणि परागकण यांना तोंड देणाऱ्या पेशींनी बारा महिने पहारा ठेवावा, यात तसे आश्चर्य नाही.

याचा आणखी थेट पुरावा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून मिळाला. फक्त या मधल्या विकराला रोखणारे औषध निरोगी स्वयंसेवकांना आणि दम्याच्या रुग्णांना देण्यात आले, तेव्हा दोन्ही गटांच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ नाहीसा झाला. गंमत अशी की त्यामुळे दमेकऱ्यांच्या श्वासनलिका काही मोकळ्या झाल्या नाहीत. मला या प्रयोगाचे महत्त्व नेहमीच मोठे वाटत आले आहे, कारण त्यातून दोन गोष्टी एकदम कळतात. निरोगी माणसाच्या आकड्यामागेही तेच विकर आहे, आणि आकडा व आजार या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दम्यात हा आकडा वाढतो कसा, तेही येथेच सांगून टाकतो. ॲलर्जीच्या प्रकारच्या दाहात पांढऱ्या पेशी काही विशिष्ट संदेशद्रव्ये सोडतात, त्यांतील इंटरल्युकिन-१३ हे अस्तरातील पेशींना मधले विकर अधिक बनवण्याचा हुकूम देते. म्हणून आकडा चढतो आणि श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड सुरू झाले की तो उतरतो. म्हणजे एकाच आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : पेशींचा जन्मजात नेहमीचा उत्पादनदर आणि त्यावर दाहाने चढवलेली भर. यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही.

तिन्ही विकरांना कच्चा माल एकच लागतो, तो म्हणजे आर्जिनिन हे अमिनो आम्ल. पण त्याच आर्जिनिनवर आर्जिनेज नावाचे दुसरे विकर टपलेले असते, जे त्यापासून युरिया आणि ऑर्निथिन तयार करते. आर्जिनेज जास्त कार्यक्षम असेल तर नायट्रिक ऑक्साइडच्या वाट्याला माल कमी येतो. आर्जिनेजचीही दोन जनुके आहेत, एक सहाव्या आणि एक चौदाव्या गुणसूत्रावर. तेव्हा जनुकांचा प्रभाव शोधायचा तर केवळ वायू बनवणाऱ्या विकरांकडे पाहून भागत नाही, त्याचा कच्चा माल पळवणाऱ्यांकडेही पाहावे लागते.

जनुके वगळता काय काय

निरोगी माणसांचे आकडे मुळात सारखे नसतातच. स्वीडनमधील गोटेनबर्ग परिसरातील प्रौढांच्या मोठ्या पाहणीत उंची, वय आणि ॲलर्जीची प्रवृत्ती यांचा आकड्याशी स्पष्ट संबंध आढळला. उंच माणसाच्या श्वासनलिकांचे अस्तर एकूण क्षेत्रफळाने जास्त असते, त्यामुळे त्याचा आकडा थोडा वर असतो. पुरुषांचा सरासरीने स्त्रियांपेक्षा जास्त येतो. सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा घटतो, आणि हे चांगले लक्षण नाही हे वेगळे सांगायला नको. सर्दी झालेली असेल तर तो वाढतो. आदल्या जेवणात पालकाची भाजी किंवा बीटाची कोशिंबीर भरपूर झाली असेल तरी वाढतो, कारण या भाज्यांतल्या नायट्रेटचे तोंडातले जीवाणू नायट्राइट करतात आणि त्यातून हा वायू सुटतो. स्पायरोमेट्रीत जोर लावून श्वास सोडल्यानंतर काही वेळ आकडा खाली जातो, म्हणून संथ फुंकर आधी आणि जोराची नंतर असा क्रम ठेवतात.

जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने हा सगळा गोंगाट आहे. तो वजा केल्यावर काय उरते, हा त्यांचा प्रश्न.

जुळ्यांची साक्ष

वारशाचा वाटा मोजण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही उपयोगी युक्ती म्हणजे जुळ्यांची तुलना. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेल्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. दोन वेगवेगळ्या बीजांपासून जन्मलेली जुळी ही एरवीच्या सख्ख्या भावंडांसारखी असतात. माणसामाणसांत जिथे जिथे जनुकीय फरक असतो, तिथे त्यांच्यात सरासरी निम्मे साम्य असते. घर, आहार, गाव, शाळा, धूळ हे दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत जवळपास सारखेच वाटलेले असते असे गृहीत धरले, तर पहिल्या प्रकारच्या जोड्यांचे आकडे एकमेकांशी जितके अधिक जुळतील तितका जनुकांचा हात मोठा. समजा, एकसारख्या जुळ्यांमधील साम्याचा गुणांक ०.६ आला आणि दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांत ०.३, तर दोघांतील फरक ०.३, आणि तो निम्म्या जनुकांच्या फरकामुळे आला असल्याने त्याची दुप्पट, म्हणजे ०.६, हा वारशाचा अंदाज. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, पण रीत खरोखर इतकी सरळ आहे.

नॉर्वेतील जुळ्यांवर असा अभ्यास झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ही जुळी रुग्णालयातून वेचलेली नव्हती, तर सर्वसाधारण लोकसंख्येतून घेतलेली होती. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याच्या सुमारे ६० टक्के भागामागे जनुकीय फरक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अवघ्या काही मिनिटांत मोजल्या जाणाऱ्या, भाजीने आणि सर्दीने हलणाऱ्या एका आकड्यासाठी हे प्रमाण बरेच मोठे आहे.

मात्र येथे एक चूक हमखास होते आणि ती वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत तर नेहमीच दिसते. ६० टक्के म्हणजे माझ्या मावसभावाच्या ४१ पैकी साधारण पंचवीस आईवडिलांकडून आले आणि सोळा हवापाण्यातून, असा अर्थ होत नाही. एखाद्या वावराचे क्षेत्रफळ लांबी आणि रुंदी या दोन्हींमुळे असते; त्यातले किती टक्के लांबीमुळे, हा प्रश्नच निरर्थक आहे. पण शिवारातली सगळी वावरे सारख्या रुंदीची असतील, तर त्यांच्या क्षेत्रफळांतील फरक मात्र पूर्णपणे लांबीमुळे आहे असे म्हणता येते. शेजारच्या गावात रुंद-अरुंद वावरे असतील, तर तिथे हेच गणित बदलेल. वारशाची टक्केवारी ही अशी शिवाराची असते, एका वावराची नव्हे. स्वच्छ हवेच्या नॉर्वेत जो वाटा ६० टक्के निघाला, तो बांधकामांच्या धुळीत आणि वाहनांच्या धुरात राहणाऱ्या लोकसंख्येत तेवढाच निघेल असे धरून चालता येत नाही.

दुसरी बारीक गोष्ट अशी की जनुकांचा प्रभाव नेहमी विकरांच्या मार्गानेच येतो असे नाही. उंची मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे आणि उंचीने आकडा वाढतो. ॲलर्जीची प्रवृत्ती घराण्यात चालत येते आणि तिनेही आकडा वाढतो. जुळ्यांच्या गणितात हे सगळे आडवाटेने आलेले परिणाम ‘जनुकीय’ याच खात्यात जमा होऊ शकतात. म्हणून चोख अभ्यासांत उंची, वय, लिंग, धूम्रपान आणि ॲलर्जी यांचा परिणाम गणिताने वेगळा काढून मगच जनुकाकडे पाहतात.

नावानिशी जनुके

वारसा आहे हे कळणे वेगळे आणि तो नेमका कोणत्या अक्षरांत लिहिला आहे हे सापडणे वेगळे. आपल्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत आणि बहुतेक ठिकाणी सर्वांचे अक्षर सारखेच असते. काही ठिकाणी मात्र कुणाचे एक तर कुणाचे दुसरे. या अक्षरबदलांचा आकड्याशी मेळ घालणे हे काम गेली पंचवीस वर्षे चालू आहे.

सुरुवात संशयितांपासून, म्हणजे ज्यांचा हात असावा असे आधीच वाटत होते अशा जनुकांपासून झाली. अमेरिकेत २००० साली दम्याच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात पहिल्या विकराच्या जनुकातील एक जागा तपासली गेली, जिथे तीन अक्षरांचा एक तुकडा जपाच्या माळेसारखा पुन्हा पुन्हा येतो. ज्यांच्यात हा तुकडा बारा किंवा त्याहून अधिक वेळा आला होता त्यांच्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड कमी आढळला. निष्कर्ष लक्षवेधी होता, पण तो रुग्णांचा होता. आजाराचा दाह वर असताना पेशींचा मूळ दर किती हे सांगणे कठीण, कारण दाह हाच आकडा सर्वांत जास्त हलवतो.

म्हणून सर्वसाधारण लोकांवरचे अभ्यास महत्त्वाचे ठरले. गोटेनबर्गमधील ज्या पाहणीचा उल्लेख वर केला, तिच्यातील सतराशेहून अधिक प्रौढांची जनुके तपासून २०१२ साली संशोधकांनी दाखवले की मधल्या विकराच्या, म्हणजे ‘एनओएस-२’च्या जनुकातील दोन अक्षरबदल आणि तिसऱ्या विकराच्या जनुकातील एक अक्षरबदल यांचा श्वासातल्या आकड्याशी संबंध आहे. पुढे त्याच गटाने सुटी अक्षरे न पाहता शेजारशेजारची अक्षरे जशी एकगठ्ठा वारशाने येतात तसे गठ्ठे करून पाहिले, तेव्हा ‘एनओएस-२’चा संबंध आणखी ठळक झाला. श्वासनलिकेच्या अस्तरात सतत चालू असलेले विकर आणि हे जनुक एकच, त्यामुळे हा निकाल जीवशास्त्राशी नीट जुळतो. संख्याशास्त्राने शोधलेला संबंध आणि पेशींत दिसलेली गोष्ट अशी एका जागी भेटली की संशोधकाला झोप लागते.

मग संशयित न ठरवता सगळा जनुकसंच चाळण्याची पद्धत आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात युरोपीय वंशाच्या आठ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली होती. मुले असली तरी तो येथे सांगावाच लागतो, कारण त्याचा निकाल प्रौढांच्या प्रश्नावरही उजेड टाकतो. सबंध जनुकसंचातून वर आलेल्या जागा पुन्हा सतराव्या गुणसूत्रावरच होत्या. एक ‘एनओएस-२’मध्ये, एक त्याच्या अगदी शेजारच्या जनुकात, आणि एक थोड्या अंतरावर, ‘जीएसडीएमबी’ या जनुकाजवळ. ही तिसरी जागा संशोधकांच्या ओळखीची आहे, कारण लहानपणीच्या दम्याशी जोडला गेलेला पट्टा तो हाच. आणि आता मुख्य मुद्दा : तिसऱ्या जागेचा संबंध आकड्याबरोबर दम्याशीही आढळला, पहिल्या दोन जागांचा संबंध फक्त आकड्याशी होता, दम्याशी नव्हता.

हे वाक्य थोडे थांबून वाचावे असे आहे. याचा अर्थ आकडा वर नेणारे काही जनुकीय फरक आजार वाढवत नाहीत. ते केवळ अस्तराच्या पेशींचा नेहमीचा दर वर ठेवतात. माझ्या मावसभावाचे ४१ हे अशा प्रकारचे असू शकतात, आणि तसे असेल तर त्याची छाती त्याच्या मित्राच्या छातीइतकीच ठणठणीत आहे.

मग या जनुकांची तपासणी करून घ्यावी का? माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. नावानिशी सापडलेल्या प्रत्येक अक्षरबदलाचा आकड्यावरचा परिणाम फार लहान आहे, आणि सगळे एकत्र केले तरी जुळ्यांनी सांगितलेल्या ६० टक्क्यांच्या आसपासही ते पोचत नाहीत. ही दरी केवळ या वायूच्या बाबतीत नाही, ती उंचीपासून रक्तदाबापर्यंत बहुतेक गुणांच्या अभ्यासात दिसली आहे. काही परिणाम शेकडो जागांवर चिमूट-चिमूट विखुरलेला असतो आणि तो पकडायला लाखो माणसे लागतात. काही परिणाम दुर्मीळ अक्षरबदलांत असतो, जे ठरावीक जागाच तपासणाऱ्या पद्धतीच्या जाळ्यात येत नाहीत. वर सांगितलेली जपमाळेसारखी पुनरावृत्तीही अशा जाळ्यातून सहज निसटते. काही वेळा जनुक आणि परिसर यांचा एकमेकांवर परिणाम होतो : दक्षिण कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांच्या अभ्यासांत हवेतले सूक्ष्म कण, ‘एनओएस-२’ जनुकाचा प्रकार आणि त्या जनुकावर बसणाऱ्या रासायनिक खुणा यांचा संबंध तपासला गेला. या खुणा जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, पण ते किती मोठ्याने वाचले जावे हे ठरवतात. आणि जन्मानंतर त्या बदलू शकतात.

एक आडवळण घेतो, कारण ते बोलके आहे. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल जन्मतःच बिघडलेली असते असा एक आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांच्या नाकातला नायट्रिक ऑक्साइड इतका कमी असतो की त्याचे मोजमाप निदानासाठी वापरतात. पण त्या आजारातली सदोष जनुके ही सूक्ष्म केसांच्या बांधणीची आहेत, नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरांची नाहीत. आकडा घसरला म्हणून त्यामागे विकराचेच जनुक असेल, असे मानून शोध घेणाऱ्याने हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावे.

उंचावरची माणसे

निरोगी प्रौढांच्या बाबतीत सर्वांत विलक्षण निरीक्षण डोंगरांवरून आले. सिंथिया बील आणि सहकाऱ्यांनी २००१ साली सुमारे ४२०० मीटर उंचीवर राहणारे तिबेटी आणि बोलिव्हियात सुमारे ३९०० मीटरवर राहणारे आयमारा लोक यांच्या श्वासाची तपासणी प्रसिद्ध केली. दोन्ही समाजांच्या श्वासात सखल प्रदेशातल्या लोकांच्या तुलनेत नायट्रिक ऑक्साइड जास्त होता. विरळ हवेत फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हा वायू त्यांना सैल करतो, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहिलेल्यांत त्याचे प्रमाण वाढलेले असणे तर्काला धरून आहे. हे सगळे जनुकांचे श्रेय आहे असे मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही, कारण जनुके आणि जन्मापासूनची उंची या दोन्ही गोष्टी त्या माणसांत एकत्रच आलेल्या असतात.

उलट बाजूही पाहिली गेली आहे. इटलीच्या हद्दीत आल्प्समध्ये ४५५९ मीटरवर असलेल्या संशोधन-झोपडीत गिर्यारोहकांची मोजमापे घेतली गेली, तेव्हा ज्यांना पूर्वी उंचावर फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास झाला होता त्यांच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड इतर सोबत्यांपेक्षा कमी आढळला. एकाच विमानातून साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरलेल्या दोन तंदुरुस्त माणसांपैकी एक बाजारात फिरतो आणि दुसऱ्याला धाप लागते, यामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतले एक या वायूच्या व्यक्तिगत दरात असू शकते.

कागद हातात आल्यावर

अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांमध्ये २५ पीपीबीपेक्षा कमी आकडा असेल तर ॲलर्जीच्या प्रकारचा दाह असण्याची शक्यता कमी, ५० पेक्षा जास्त असेल तर शक्यता बरीच, आणि मधल्या पट्ट्यात लक्षणे पाहून ठरवावे. या रेषा लोकसंख्येवर आखलेल्या आहेत. ज्याचा जन्मजात दर वरचा आहे तो निरोगी असूनही मधल्या पट्ट्यात दिसेल, आणि ज्याचा दर खालचा आहे त्याच्या श्वासनलिकांत दाह सुरू झाला तरी आकडा काही काळ २५च्या आतच राहील. या दुसऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याचा कागद पाहून सगळे निर्धास्त होतात.

म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी आपली तुलना करण्यापेक्षा स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी करणे अधिक शहाणपणाचे. आपली जनुके जानेवारीत आणि जूनमध्ये तीच असतात, त्यामुळे दोन मोजमापांच्या वजाबाकीत त्यांचा वाटा जवळजवळ कटून जातो आणि उरतो तो बदल. त्याच मार्गदर्शनात बदलाचेही माप दिले आहे : आकडा ५०च्या वर असेल तर २० टक्क्यांहून अधिक आणि ५०च्या खाली असेल तर १० पीपीबीहून अधिक फरक पडला तरच तो खरा मानावा. अर्थात दोन्ही वेळा सर्दी नसावी आणि आदल्या जेवणात पालक-बीट नसावे, एवढे पथ्य पाळायला हवे.

माझ्या मावसभावाने सहा महिन्यांनी, सर्दीचा मोसम सरल्यावर, पुन्हा फुंकर घातली. या वेळी आकडा ३८ आला. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, स्पायरोमेट्रीचा आलेख पाहिला, दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले, आणि औषधाचे काहीही न लिहिता ३८ हा आकडा तारखेसह त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला.